शेवटची उडी

गायकाच्या जुन्या अल्बमवरून त्याच्या लेकीनं व्हिडिओ गेम बनवला. एकेका गाण्याची एकेक लेव्हल, धावणारा नायक हुबेहूब बाबांसारखा आणि शेवटच्या पुलापलीकडे वाट पाहणारी नायिका.

खेळायचा पहिला मान आईचा. ती गाणी तिच्यावरच तर लिहिलेली होती. निदान गायक लग्नाआधीपासून तिला तसंच सांगत आला होता.

सुरुवातीलाच पडद्यावर नायिका झळकली. कुरळे केस, गालावर तीळ.

आईनं आपल्या सरळ केसांची बट कानामागे सारली. "ही कोण गं?"

"गाण्यांत वर्णन आहे तश्शीच काढलीय," लेक फुशारकीनं म्हणाली. "एक शब्द इकडचा तिकडे केला नाही."

गायक घाईघाईनं मधे पडला. "अगं, यमक जुळवायला काहीबाही लिहावं लागतं..."

"हो का?" आई गोड हसली आणि खेळायला लागली.

दऱ्या, भिंती, आगीचे लोळ, सगळं तिनं लीलया पार केलं. पण पुलावर येताच नायकानं उडी मारली आणि तो धपकन नदीत पडला. पुन्हा खेळली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. गायकाचा जीव भांड्यात पडला.

"तुझ्या आईला ती शेवटची उडी काही जमत नाही बघ," तो लेकीच्या कानाशी लागला.

लेक आईच्या बोटांकडे बघत होती.

"बाबा," ती कुजबुजली, "पुलावर उडी मारायचीच नसते. नुसतं सरळ चालत जायचं असतं."