अळणी

हैबतरावांच्या श्राद्धाला आमच्याकडे सगळा स्वयंपाक अळणी होतो. यंदा माझ्या नवऱ्याने, पियुषने, त्या जेवणाला नगरसेवकांना बोलावलं होतं. धारमधल्या एका चौकाला हैबतरावांचं नाव द्यायचं घाटत होतं.

"भिया, आमटीत नमक टाकायचं राहिलं वाटतं," नगरसेवक हळूच पियुषला म्हणाले.

पियुष याचीच वाट पाहत होता. "सत्तावन्न साली आमचे खापरपणजोबा इंग्रजांची पलटण सोडून बंडवाल्यांना जाऊन मिळाले. इंग्रजांचं मीठ सोडलं, त्याची ही याद."

नगरसेवकांनी ताटाला हात जोडले. पोळ्या वाढताना माझाही ऊर भरून आला. सासूबाईंनी मला हेच सांगितलं होतं, आणि मी माझ्या चिऊला.

"इंग्रजांचं नव्हे," मामंजी खाली मान घालूनच म्हणाले.

"काय नव्हे, आबासाहेब?" पियुषने वडिलांना विचारलं.

"ते मीठ. बंडवाल्यांच्या चुलीवर हैबतराव पाच महिने जेवले. मरेपर्यंत अळणी खाल्लं ते त्या मिठापायी."

पियुष हसला. "म्हणजे त्यांच्या आठवणीत ना?"

मामंजींनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "त्या चुलीवर जेवणारे बाकी सगळे एका रात्रीत पकडले गेले आणि फासावर चढले. हैबतराव तेवढे घरी आले. आपली बदनावरची जमीन इंग्रजांनी दिली ती त्याच साली."

माझा हात पोळ्यांच्या टोपलीत तसाच राहिला. गहू बदनावरचाच होता.