उघड्या हातांचा झेल

“शामकला, बाहेर ये. पेटी आनली तुही.”

गोंदियाच्या रेल्वे मैदानाच्या कडेला भैय्यालाल उभे होते. खेळायला आलेल्या मुली उतरल्या होत्या त्या धर्मशाळेतून पुतणीची पत्र्याची पेटी त्यांनी स्वतः उचलून आणली होती. दोन पावलं मागं पदर नाकापर्यंत ओढून जमुनाबाई, शामकलाची आई. दोघं सौंदडहून सकाळच्या गाडीनं आले होते. सेहेचाळीसचा डिसेंबर होता. पोरगी नागपूरच्या कॉलेजात शिकते एवढंच भैय्यालालना ठाऊक होतं. ती तिथल्या मुलींच्या बेसबॉल क्लबात आहे आणि आज गोंदियात सामना खेळणार, ही बातमी त्यांना कालच्या बाजारात लागली.

शामकला हाकेच्या अंतरावर होती. लढाई संपल्यावर परतलेल्या अमेरिकी शिपायांनी मागं टाकलेले चारच हातमोजे क्लबाकडे होते. ते पुढच्या मुलींना मिळत. शामकला सगळ्यांच्या मागं उभी राही आणि उघड्या हातांनी खेळे.

“मोठे बाबा, एकच गडी बाद व्हायचा राहिला. तेवढा होऊ द्या.”

“आता निमूट आली त परीक्षेपुरती नागपूरले पाठवीन. नाही आली त कॉलेज आजपासून बंद.” त्यांचा आवाज चढला नव्हता. शामकलाचा बाप गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चाले. “आपल्या घरच्या बाया नांगराले हात लावत नाही, छपरावर चढत नाही. म्हनून घर उभं हाये. अन् तू हजार लोकाइच्या समोर काष्टा मारून धावून राहिली?”

शामकलानं आईकडे पाहिलं. पदर हलला नाही.

तेवढ्यात तिकडं दांड्यावर चेंडू खट्कन बसला. शामकलानं मोठ्या बाबांकडे पाठ फिरवली.

चेंडू उंच गेला. इतका उंच की मैदानाकडेचे लोक तोंड वासून बघत राहिले. शामकला धावली नाही फारशी. सहा पावलं मागं गेली, डावीकडे सरकली, थांबली. हात वर गेले, पण चेंडूला अडवायला नाही. चेंडू ओंजळीत आला आणि हात त्याच्याबरोबर पोटापर्यंत खाली आले, जणू त्यात काही फुटण्यासारखं होतं. आवाजसुद्धा झाला नाही.

सामना जिंकला. पोरी ओरडत तिच्याकडे धावल्या.

भैय्यालाल मात्र तिच्या हातांकडे बघत होते. हा झेल त्यांनी लहानपणापासून पाहिला होता. खालून फेकलेलं छपराचं मातीचं कवेलू आढ्यावरचा गडी असंच झेलतो. हात ताठ राहिले तर कवेलू फुटतं.

“हे त छपरावरच्या गड्याचे हात हायेत,” ते हळूच म्हणाले. “कोनी शिकवलं तुले? कवडूनं?”

कवडू त्यांचा जुना गडी. दर शिवरात्रीला भैय्यालाल आणि जवळजवळ अख्खं गाव तिकडच्याच प्रतापगडच्या जत्रेला जाई. राखणीला मागं राहत ते कवडू आणि मायलेकी; कॉलेजातूनही शामकला तेवढ्यासाठी घरी येई. चार दिवसांनी परतावं तो घरावरची सगळी कवेलू फेरून, काढून नव्यानं लावून झालेली असत, ओळीत, एकसारखी. कवडूसारखा गडी पंचक्रोशीत नाही, असं भैय्यालाल चारचौघांत सांगत.

चेंडू अजून शामकलाच्या ओंजळीत होता.

जमुनाबाई पुढं आली. लग्न होऊन वीस वर्षं झाली होती, आणि थोरल्या दिरासमोर तिनं एकदाही तोंड उघडलं नव्हतं. तिनं पदर कपाळापर्यंत मागं सारला. वाकून पेटी उचलली आणि लेकीच्या पायाशी नेऊन ठेवली.

“कवडूच्या गुडघ्यानं शिडी सोडली, भाऊजी. खालून मी फेकते, वर हे पोरगी झेलते. सहा पावसाळे झाले. एक थेंब तरी गळला काय?”