निळा कोणाचा

हर्षिताने टीव्हीच्या पडद्यासाठी नवा निळा रंग शोधून काढला आणि वेस्ट विंडसरच्या लॅबमधली सगळी गर्दी तिच्या टेबलाभोवती जमू लागली. पीएचडी संपवून आलेली कालची पोरगी. आजवर कंपनीच्या प्रत्येक टीव्हीत याच लॅबमधल्या जुन्याजाणत्या प्रफुल्लने तयार केलेला निळा होता, पण त्याची आठवण कोणी काढेना.

"दादा, टेस्टिंगचा टीव्ही तुम्हीच घरी न्या ना. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही," हर्षिता म्हणाली.

प्रफुल्लने तो नेला, तो खोट काढायलाच.

चौदा एप्रिलला सकाळी त्याची आई त्या टीव्हीवर नागपूरची मिरवणूक लाइव्ह बघायला बसली. गेल्या जयंतीला कंपनीच्याच जुन्या टीव्हीसमोर ती लसूण सोलत बसली होती. आजही मांडीवर लसणाची ताटली होतीच.

"आई, निळा जरा भडक वाटतो ना?"

पडद्यावर झेंडे आले तशी आईने ताटली बाजूला ठेवली, गुडघे धरत उठली, पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडून उभी राहिली.

"बाबू, अगदी आपल्या झेंड्याचा निळा आहे रे," ती डोळे पुसत म्हणाली. "हा तूच केला ना?"

प्रफुल्ल म्हणाला, "हो."

"मग त्या जुन्या टीव्हीतला कोणाचा होता? पार विटका होता तो."

"ऑफिसातल्या एका मुलीचा."