अस्वल बोलत नाही

"पहिल्या पॅनकेकपर्यंत," आर्डिस म्हणाली. "रविवारी पार्कच्या नाश्त्याला तव्यावरून पहिला पॅनकेक उतरेपर्यंत तुझी पोरगी आली नाही, तर अस्वल तू."

"आणि आली तर अस्वल तू," वेंडल म्हणाला. "अख्ख्या पार्कसमोर. वाढायचं, नाचायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

"अस्वल बोलतं का कधी? पण तुझं कसं व्हायचं रे? अर्धा तास गप्प बसलास तर ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल."

दोघांनी हात मिळवले.

अस्वल म्हणजे पार्कच्या कोठीत खुंटीला लटकणारा जुना पोशाख. मुलांच्या कार्यक्रमासाठी कधीतरी आणलेला. डोकं शाबूत होतं, पायाचे पंजे मात्र उंदरांनी केव्हाच फस्त केले होते. त्यामुळे खाली घालणाऱ्याचे स्वतःचेच बूट दिसायचे.

दोघंही लून लेक या तळ्याकाठच्या कॅम्पिंग पार्कचे स्वयंसेवक. आपापल्या आरव्हीत, चाकांवरच्या घरात राहायचे. तो तेरा नंबरच्या जागेवर, ती रस्त्यापलीकडे. जागा, वीज, पाणी फुकट. बदल्यात संडास धुवायचे, चुलींतली राख काढायची, सरपणाच्या मोळ्या विकायच्या आणि गिटार बडवणाऱ्यांना हात जोडायचे.

वेंडलला खोड्यांची भारी खाज. गेल्याच महिन्यात त्याने आर्डिसच्या दाराशी 'घुबडांची अंडी उबत आहेत, शांतता राखा' अशी थेट सरकारी दिसणारी पाटी ठोकली. दोन दिवस माणसं तिथून चवड्यांवर चालत होती. आर्डिसही काही कमी नव्हती. पैजेच्या बाबतीत तर दगड. स्वतः हरल्याशिवाय कधी काडी उचलायची नाही, आणि दुसरा हरला की सोडायची नाही. गेल्या वर्षी तो हरला, तेव्हा अंगात ताप असताना तिने त्याच्याकडून आपल्या वाटचे संडास धुऊन घेतले. वर साबण कमी लावलास म्हणून पुन्हा.

फक्त शेजारच्या चौदा नंबरच्या जागेबाबत वेंडलला मस्करी सुचायची नाही.

सहा वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. महिन्याभरात त्याने घर विकलं आणि ही आरव्ही घेतली. मुलीला, सिग्नेला, कळवलं ते सगळं उरकल्यावर.

"आई रोज बसायची ती खिडकीसुद्धा विकलीस?" ती फोनवर म्हणाली होती. "एकदा विचारायचंस तरी, बाबा. आता घरी यायचं म्हटलं तर मी कुठे येऊ?"

त्यानंतर फोन नाही.

सिग्ने लहान असताना तिघं दर सप्टेंबरात इथे यायची, चौदावरच तंबू ठोकायची. म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारपासून तो दरवर्षी ती जागा तिच्या नावाने धरून ठेवायचा आणि तिला एक पोस्टकार्ड धाडायचा. 'चौदा नंबर. बाबा.' बस. एवढा बडबड्या माणूस, पण कार्डावर त्याला यापुढे एक अक्षर सुचायचं नाही.

यंदाचं कार्ड आर्डिसने गावात जाऊन टाकलं. अर्ध्या तासाचं काम, तिला दुपार लागली. "पेन शोधत होते," म्हणाली. कार्ड टाकायला पेन कशाला, हे वेंडलने काही विचारलं नाही.

शुक्रवारी त्याने चौदाची चूल खरवडून काढली, राखेचा कण ठेवला नाही. शेजारी बर्चच्या सुक्या लाकडांची मोळी ठेवली. खांबाला चिठ्ठी अडकवली: सिग्ने हॅल्वोरसन. मग गाडी वाजली की मान वर, गाडी वाजली की मान वर. शुक्रवार असाच गेला.

जो येत नाही त्याची चिठ्ठी दुसऱ्या दिवशी दुपारी काढायची, हा पार्कचा नियम. शनिवारी बारा वाजता वेंडल खांबापाशी गेला.

"राहू दे ना संध्याकाळपर्यंत," आर्डिस रस्त्यापलीकडून म्हणाली.

"दुसऱ्यांच्या काढतो, मग माझी काय म्हणून ठेवू?" त्याने चिठ्ठी घडी घालून खिशात टाकली. आरव्हीच्या खणात अशा पाच आधीच होत्या. "चल, कोठीतलं ते अस्वल काढू. बटणं तरी लावून ठेवतो."

"घाई काय आहे? पैज उद्याची आहे."

"धीर देतेस होय मला?"

"मी? तुला?" आर्डिस हसली. "नाच बसव आधी. मी कॅमेरा घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहे."

रविवारी पहाटेपासून गेटवर आर्डिसची पाळी होती. वेंडल उजाडताच उठला आणि तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाचे संडास धुवायला गेला. तिकडे कुणी बोलावलं नव्हतं. पण आरव्हीच्या खिडकीतून चौदा नंबर दिसायचा, आणि रिकामी जागा बघत कॉफी प्यायचा त्याला कंटाळा आला होता.

साडेआठला, पैज हरलो असं धरूनच, तो मुकाट्याने कोठीकडे गेला. खुंटी रिकामी.

नाश्त्याच्या मंडपाकडून हसण्याचा कल्लोळ ऐकू आला. तो लगबगीने तिकडे गेला. शे-दीडशे माणसं, पोरांच्या शिट्ट्या, आणि मधोमध अस्वल! एका हातात पॅनकेकची थाळी, दुसऱ्या हातात पाकाची बाटली, कंबर अशी हलत होती की पार्कच्या रेंजरबाई हसून हसून डोळे पुसत होत्या.

वेंडलची नजर खाली गेली. पिवळे गमबूट. आर्डिसचे.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. "काढ ते!" तो पुढे घुसला. "हरलो मी, नाचणारही मीच. मला कुणाची दया नकोय, कळलं? बोल ना! गप्प काय बसलीस?"

अस्वलाने तोंडावर पंजा ठेवून नकारार्थी मान हलवली. लोक आणखीच हसले. मग त्याने वेंडलच्या हातात एक थाळी दिली. तिच्यावर दुसरी दिली. क्षणभर थांबून दोन्हींवर एक लहान मुलांची, रंगीत थाळी ठेवली. त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला गर्रकन तळ्याकडे वळवलं.

बर्चच्या झाडांमागे, चौदा नंबरच्या चुलीतून धूर निघत होता.