दुसरी नळी

"ताई, चमकलं!" ऋजुता ओरडली आणि सगळी प्रयोगशाळा तिच्या टेबलाभोवती जमली. तिने घडवलेली रेणूएवढी यंत्रं क्षाराचे कण चरबीच्या सूक्ष्म बुडबुड्यांच्या पडद्यातून आत नेऊन सोडत होती आणि आतला रंग हिरवा उजळत होता. ही ताई म्हणजे तिची वरिष्ठ सहकारी वसुधा; तिची स्वतःची यंत्रं कित्येक वर्षं त्याच पडद्यापाशी अडून बसली होती. तो उजेड वसुधाच्या डोळ्यांत खुपला.

गलक्यात तिने पडताळणीची दुसरी नळी, तेच बुडबुडे असलेली पण यंत्रं न घातलेली, निळ्या दिव्याखाली धरली. हीही चमकली, तर पडदाच गळका, कण आपोआप आत झिरपले असं ठरेल आणि ऋजुताचं यश तिथेच विझेल. नळी अंधारीच राहिली; पडदा गळत नव्हता. वसुधाने तो पुरावा गुपचूप कोटाच्या खिशात टाकला.

"वसुधा, बुडबुडे तू केलेस ना?" प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी विचारलं. "पडदा गळत तर नाही?"

'गळतो' एवढंच म्हणणं पुरेसं होतं. पण ज्याच्यावर उमेदीची वर्षं वेचली, त्या पडद्यालाच फुटका म्हणायचं? ऋजुताने तिचा हात घट्ट धरला होता.

"माझ्या हातचा पडदा," वसुधा कोरडेपणाने म्हणाली, "कधी गळत नाही, सर."

टाळ्या वाजल्या, त्या ऋजुतासाठी.