विशेष आभार

सत्य कधीच लपत नाही, असं माहितीपटाच्या सुरुवातीलाच घनगंभीर आवाजात सांगण्यात आलं. लपवला होता तो फक्त साक्षीदाराचा चेहरा. तुरुंगात मारून टाकलेल्या कैद्यांच्या मृत्यूच्या दाखल्यांवर 'हृदयविकार' लिहायची सक्ती कशी व्हायची, हे तो बदललेल्या आवाजात सांगत होता. हा साक्षीदार म्हणजे तुरुंगाचे निवृत्त डॉक्टर. ते घरी बायकोशेजारी बसून स्वतःलाच बघत होते. "तीस वर्षं संसार केलाय, पण मीसुद्धा ओळखलं नसतं हो तुम्हाला," बायको म्हणाली. डॉक्टरांनी महिन्याभरात पहिल्यांदाच पाय लांब केले. श्रेयनामावली सरकू लागली. 'विशेष आभार' या शीर्षकाखाली डॉक्टरांचं संपूर्ण नाव आलं. चित्रीकरणाला घर दिल्याबद्दल मजल्यासकट पत्ताही. दिग्दर्शिकेचा फोन आला. "बघितलंत ना, काका? आम्ही कुणालाच विसरलो नाही!" बायकोने दाराला कडी लावली. पुनःप्रक्षेपण उद्या सकाळी दहा वाजता होतं.