पिंपातला आंबा

“काका, ही हरकत कशाबद्दल?” राजधानीचा विकास आराखडा पुन्हा सुधारायला घेतला होता, त्याच्या सुनावणीला बसलेल्या बाईंनी विचारलं.

“आमच्या घरावरून रस्ता जातोय,” केणी म्हणाले. “मागच्या आराखड्याच्या वेळीही हरकत दिली होती.”

बाईंनी नकाशा पुढे सरकवला. “ती तेव्हाच मान्य झाली की! वीस वर्षं झाली, तुमच्या घरावर रस्ताच नाही.”

केणी नकाशाकडे बघतच राहिले. आजवर त्याच्या नुसत्या नावानं छातीत धडकी भरायची, म्हणून तो कधी उघडून पाहिलाच नव्हता. रस्त्याच्या भीतीनं घरावर माडी चढवली नाही; लग्न झाल्यावर मुलगा भाड्याच्या खोलीत गेला. बायकोनं अंगणात आंबा लावायचा हट्ट धरला, तेव्हा ते खेकसले होते, “पिंपात लाव. बुलडोझर आला तर उचलून तरी नेता येईल.” ती गेली, एकही कैरी न बघता.

घरी येताच त्यांनी अंगणात खड्डा खणला आणि पिंप कापून झाड मोकळं केलं. मुळं पिंपाच्याच आकारात गोल गोल गुंडाळली होती. बोटांनी एकेक सोडवायला गेले, तर ती काही केल्या सरळ होईनात.